कळंब्याचं पाणी आणि मरळीची पिल्लं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1978 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तुम्ही पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, "बाबा, मी काही डॉक्टर नाही, कलेक्टर नाही. उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथवर काढली. बोलणार काय?" तर म्हणाले, "माशांवर बोला." शाळेत असताना ज्या कारणासाठी मी बाकावर उभा राहायचो, त्याच कारणासाठी आज मला माईकपुढं उभं केलंय. काळ बदलतो तो असा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निवृत्त झाल्यापासून मी लोकांना गळाला घेऊन जातो. पुण्या-मुंबईची पोरं येतात, कुणी आयटीतली, कुणी बँकेतली. त्यांच्याकडं चांगले रॉड असतात, जपानी रीळ असतं, पेटीभर आमिषं असतात. फक्त मासा कुठं बसलाय ते त्यांना माहीत नसतं. तेवढं मी सांगतो. पुतण्या म्हणतो, काका तुम्ही 'फिशिंग गाइड' झालात. घरची म्हणते, रिकामटेकड्याला इंग्रजी नाव मिळालं. दोघांचंही बरोबर आहे.

आता आपल्या तलावाकडं येतो. आपण सगळ्यांनी तो पाहिलाय, पण बहुतेकांनी भिंतीवरून पाहिलाय. कात्यायनीच्या डोंगराकडून ओढे येतात, ते तलावात उतरतात. भरला की सांडव्यावरून पाणी जातं आणि पुढं शहरातनं जयंती नाला होऊन पंचगंगेला मिळतं. म्हणजे आपल्या शाळेमागच्या माळावर पडलेला पाऊस इथून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि तिथून कुठल्या कुठं. भूगोलाच्या तासाला हे शिकवलंच असणार, पण त्या तासाला मी बहुधा सांडव्यावर होतो.

सांडव्यावर तेव्हा एक म्हातारे मामा बसायचे. जाळं टाकणारे, पण गळाचाही नाद. मला दप्तरासकट बघून पहिल्यांदा म्हणाले, "काय रं, शाळा न्हाई व्हय आज?" मी म्हटलं, सुट्टी आहे. म्हणाले, "तुलाच तेवढी?" पण हाकललं नाही. उलट त्यांनीच मला पहिली काठी करून दिली. बांबूची काठी, तंगूस, मोराच्या पिसाच्या देठाची तरंगी आणि चुना डबीच्या पत्र्याची गुंडाळी करून शिशाऐवजी वजन. गांडुळं उकिरड्यावर फुकट मिळायची.

मामांनी शिकवलेली पहिली गोष्ट आजही मी नव्या माणसाला तशीच सांगतो. तलाव म्हणजे तीन मजली वाडा. वरच्या मजल्यावर कटला राहतो. त्याचं तोंड बघा, वर वळलेलं असतं, कारण खाणं त्याला वरूनच घ्यायचं असतं. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, त्याचं तोंड खाली, चिखलातलं टिपणारं. तरंगीपासून गळ किती खोल सोडायचा ते त्यावर ठरतं. लोक एकाच खोलीवर दिवसभर बसतात आणि म्हणतात पाण्यात मासाच नाही. अरे, तू मधल्या मजल्याचं दार वाजवतोयस आणि पाहुणा माडीवर बसलाय!

आता गंमत अशी की हे तिघंही आपल्या तलावाचे मूळ रहिवासी नव्हेत. हे गंगेकडचे मासे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करून लांबलांब पाठवायचे. 1957 सालच्या जुलैत कटकला हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली, आणि मग गावोगावच्या तलावांत बोटुकली सोडणं शक्य झालं. आज तुम्ही बाजारात जो तळ्यातला रोहू घेता, तो त्या कटकच्या प्रयोगाचा नातूपणतू आहे. तलावाचा ठेका घेणारे लोक पैसे मोजून ही बोटुकली सोडतात. तेव्हा त्यांना न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरणं. आम्ही लहानपणी शिरायचो, ते कबूल करतो.

मूळ रहिवासी कोण, तर मरळ. काळपट पाठ, सापासारखं डोकं, अंगावर पट्टे. ती वाड्यात कुठल्याच मजल्यावर राहत नाही. ती परड्यात राहते, पाणकणसात, गवतात, केंदाळाच्या कडेला. न हलता दबा धरून बसते, आणि बेडूक किंवा मासळी समोरून गेली की एकदाच उसळते. तिचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, तिला हवा लागते. कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेऊन तिचं भागत नाही, अधूनमधून वर येऊन ती श्वास घेते. पहाटे वारा पडलेला असताना काठावर गप्प बसलात तर 'भुडुक' असा आवाज येतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. माझं निम्मं काम तेवढंच आहे, गप्प बसून ते वर्तुळ बघायचं. पुण्याच्या पोरांना गप्प बसवणं हे उरलेलं निम्मं.

आता जी गोष्ट सांगायला मी उभा राहिलो ती.

1975 चा जुलै. मी आठवीत. पाऊस चांगला झालेला, तलाव भरत आलेला. डोंगराकडच्या बाजूला, जिथं ओढा उतरतो, तिथं गवतात मला पाण्यावर तांबडं काहीतरी हलताना दिसलं. ताटाएवढा तांबडा गोळा, आतून वळवळणारा. जवळ गेल्यावर कळलं, पिल्लं. बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी. मरळीची पिल्लं लहानपणी अशी तांबडी असतात आणि घोळक्यानं फिरतात. त्यांच्याखाली हातभर खोल त्यांचे आईबाप असतात. पिल्लं श्वासाला वर आली की तीही वर येतात. घोळक्याच्या जवळ काहीही गेलं, बेडूक, मासा, बदक, की त्याच्यावर तुटून पडतात. तेव्हा त्यांना भूक नसते, त्यांना फक्त राग असतो.

हे मला माहीत होतं, कारण मामांनी सांगितलं होतं. "त्या गोळ्यापाशी गळ टाकायचा न्हाई" असंही सांगितलं होतं. पण त्या दिवशी मामा नव्हते आणि माझ्या गळाला जिवंत बेडूक होता. मी तो घोळक्यावर टाकला. दुसऱ्याच क्षणी पाणी फुटलं. काठी वाकली, हाताला वळ उठले, मी गुडघाभर चिखलात ओढला गेलो. पण मासा काढला. अडीच किलोच्या आसपास. सायकलच्या हँडलला लावून मी ती मरळ अख्ख्या गावातनं मिरवत नेली. कोल्हापुरात मटणापुढं माशाला कोण विचारत नाही, पण त्या रात्री आमच्या घरी शेजारची चार घरं जेवली. वडिलांनी पहिल्यांदा पाठीवर थाप मारली. ती थाप वह्या-पुस्तकांमुळं कधी मिळाली नव्हती.

सोमवारी मी वर्गात तिखटमीठ लावून सांगितलं. विज्ञानाचे सर दारात उभे राहून ऐकत होते, आम्हाला कळलंच नाही. मला वाटलं आता छडी. सरांनी एवढंच विचारलं, "पिल्लांचं काय झालं?"

मी म्हटलं, माहीत नाही सर.

म्हणाले, "आज शाळा सुटल्यावर जा. मोज. उद्या सांग. परवा परत जा. परत मोज."

बास. मारलं नाही, रागावले नाहीत. मी संध्याकाळी गेलो. गोळा राहिला नव्हता. एक आई किंवा बाप उरला असेल, तो मला दिसला नाही. पिल्लं तीन-चार ठिकाणी विखुरलेली होती, आणि त्यांच्याभोवती बारकी मासळी झडप घालत होती. खंड्या एका फांदीवर बसून सूर मारत होता, परत येऊन बसत होता. मी शंभरपर्यंत मोजलं आणि अंधार झाला. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी वीसेक दिसली. तिसऱ्या दिवशी मी तासभर काठानं फिरलो. एकही नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी मला एक चाळीस पानी वही दिली आणि म्हणाले, "यात लिही. तारीख, जागा, पाणी कसं होतं, काय दिसलं. मासा मिळाला तरी लिही, नाही मिळाला तरी लिही." ती वही माझ्याकडं आहे. तिच्यानंतरच्याही सगळ्या आहेत, आज सोबत आणल्यात, मागच्या टेबलावर ठेवल्यात. सर आज व्यासपीठावर नाहीत. असते तर त्यांनी भाषण बाजूला ठेवून वहीच मागितली असती.

आपल्या वर्गातला एक मित्र अमेरिकेत आहे, तो समोरच बसलाय. तो तिकडं गळाला जातो आणि मला फोटो पाठवतो. तिथं बास नावाच्या माशाचं खूळ आहे. मोठ्या जबड्याचा, हिरवट, वेलींच्या आणि बुडक्या झाडांच्या आडोशाला दबा धरणारा. त्याच्यासाठी तिकडं खास होड्या आहेत, स्पर्धा आहेत, लाखो डॉलरची बक्षिसं आहेत. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं बावीस पौंड चार औंसांचा बास धरला, म्हणजे दहा किलोच्या वर. सत्त्याहत्तर वर्षं कुणाला त्याची बरोबरी करता आली नाही. ती केली 2009 मध्ये एका जपानी माणसानं, तीही जपानच्या बिवा सरोवरात.

पहिला फोटो बघून मी त्याला लिहिलं, "ही तर आमच्या मरळीची मावसबहीण." शास्त्राच्या हिशेबानं ते नातं काही जवळचं नाही. पण स्वभाव? तोच आडोसा, तीच उसळी. रबरी बेडूक गवतावरून ओढला की दोघंही सारखंच फसतात. मित्रानं पाठवलेलाच रबरी बेडूक मी आपल्या तलावात वापरतो, गळाची टोकं पोटात लपलेली असतात म्हणून गवतात अडकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बासही पिल्लं राखतो. नर बास तळाशी खळगं करतो, मादी अंडी घालून जाते, आणि नर अंड्यांवर पंखानं वारा घालत पहारा देतो, पिल्लं निघाल्यावरही काही दिवस. त्या नराला गळानं उचललं, नुसता फोटो काढून परत सोडला, तरी तेवढ्या वेळात भोवतीची मासळी घरटं साफ करते. तिकडच्या लोकांनी हे मोजलंय. म्हणून कॅनडात ओंटारियोसारख्या ठिकाणी वीण होईपर्यंत बासचा हंगाम बंद असतो.

हे मित्रानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो. आमच्या सरांनी चाळीस पानी वहीत माझ्याकडून जे मोजून घेतलं, तेच तिकडं मोजून नियम केलाय.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला परदेशातलं सगळं गोड लागतं. जपानात हा बास 1925 साली बाहेरून नेऊन सोडला. त्यानं तिथल्या मूळच्या मासळीचा फडशा पाडला. आज बिवा सरोवरात बास धरला तर परत पाण्यात सोडायला मनाई आहे. आपल्याकडं चिलापीचं तेच. आफ्रिकेतला मासा, 1952 साली भारतात आणला. त्याची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातनं कितीतरी वेळा वीण होते, घाण पाण्यातही तगतो. आता कुठल्याही तळ्यात गळ टाका, पहिली चिलापीच लागते. तेव्हा 'धरा आणि सोडा' हा नियम सगळीकडं सारखा चालत नाही. कोण कुठला आहे ते आधी बघावं लागतं. चिलापी लागली तर मी सोडत नाही, घरी नेतो, मीठ-हळद लावून तव्यावर. मी काही माळकरी नाही.

नदीबद्दल थोडं बोलतो. प्रयाग चिखलीला भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त, आणि तिथून पंचगंगा. त्या संगमाच्या वरचं पाणी वेगळं आणि शहराच्या खालचं वेगळं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. वरच्या अंगाला, भोगावतीत खडकाळ पात्रात अजून कधीतरी खडशी लागते. मोठ्या खवल्यांची, प्रवाहात जोर करणारी. पुण्याच्या मुळा-मुठेत साहेबांनी, कर्नल साइक्स यांनी, 1839 साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि आपला मराठी शब्दच तिच्या लॅटिन नावात घातला, 'खुद्री'. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकापासून तिची पैदास केली आणि देशभर पिल्लं पाठवली. चांगलंच काम. पण कावेरीत ती सोडल्यावर तिथल्या स्वतःच्या मोठ्या माशाची जागा आक्रसली, तो आता नामशेष व्हायच्या बेतात आहे. म्हणजे आपली खडशीसुद्धा परक्या घरी गेली की चिलापी होते. राधानगरीच्या अभयारण्यात मात्र कुणी मला 'चला' म्हणू नका. तिथं मासेमारीला बंदी आहे आणि ती असलेलीच बरी.

बंधाऱ्यांचं सांगायचं राहिलं. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पाऊस संपला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. याला साऱ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, आपल्याला त्याचं कौतुक नसतं, रोजचा आहे म्हणून. गळवाल्याला बंधारा म्हणजे बाजारपेठ. वरच्या अंगाला साठलेलं संथ पाणी, खालच्या अंगाला फेसाळलेलं, हवा मिसळलेलं. बारकी मासळी तिथं जमते आणि मोठी तिच्या मागं येते. पावसाळ्यात बरगे निघाले की नदी मोकळी होते आणि मासा चढणीला लागतो. ओढ्या-ओघळीतनं, भाताच्या खाचरांपर्यंत. पोटात गाभोळी भरलेली. त्या चढणीच्या माशांवर सगळं गाव काठ्या, बुट्ट्या, मच्छरदाण्या घेऊन तुटून पडतं. मीही पडलोय. चव असते, नाही म्हणणार नाही. पण ज्या रात्री आपण पाटीभर मासा आणतो, त्या रात्री आपण पुढच्या वर्षीचा मासा आणलेला असतो. आणि काही जण ब्लीचिंग पावडर टाकतात, जिलेटिन फोडतात. त्याला 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे. सव्वाशे वर्षं झाली.

आता वह्यांकडं परत येतो. पहिल्या दोन-तीन वह्यांत नावं बघितली तर बऱ्याच जाती आहेत. रोहू, मृगळ, मरळ, वांब, शिंगटी, आणि बारीक मासळीची अशी नावं जी मामा सांगायचे आणि आता मला दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकू येत नाहीत. अलीकडच्या वह्यांत शहराच्या खालच्या नदीतली पानं उघडली तर मरळ, शिंगटी, चिलापी. परत चिलापी. मला बरीच वर्षं याचा अर्थ लागला नव्हता. मग एका उन्हाळ्यात, पहाटे, एका बंधाऱ्याच्या वर मी रोहू वर आलेला बघितला. मधल्या मजल्यावरचा हा मासा पाण्याच्या तोंडाशी येऊन तोंड उघडझाप करत होता. एक नाही, शंभरेक. मी गळ काढून घेतला. दुपारपर्यंत ते पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. पाण्यातली हवा संपली की असं होतं. सांडपाणी, मळी, उन्हाळ्यातलं थांबलेलं पाणी, आणि रात्री वनस्पतींनीही हवा ओढून घेतलेली, म्हणून मरण बहुतेक पहाटे येतं. त्या मेलेल्यांत मरळ नव्हती. ती वर येऊन बाहेरची हवा घेते ना! ती तगली.

म्हणून मी नव्या माणसाला सांगतो, की कुठल्याही पाण्यावर गेलास आणि दिवसभरात फक्त हवा गिळणारे आणि चिलापी एवढंच लागलं, तर मासा घरी नेऊ नकोस. आधी वरच्या अंगाला कुठला नाला मिळतोय ते बघून ये. शहराच्या खालचा मासा मी स्वतः खात नाही, नातवंडांना देत नाही. गणपतीनंतर आपल्या घाटावर काय काय तरंगतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी बोलायची गरज नाही.

2016 च्या उन्हाळ्यात आपला तलाव आटला. तुमच्यातले बरेच जण तो बघायला आले होते, तळाच्या भेगांत उभे राहून फोटो काढले. मीही गेलो. जिथं मी आठवीत चिखलात ओढला गेलो होतो, ती जागा शोधली. गवत वाळलेलं, ओढ्याची वाट कोरडी. गाळ काढायला यंत्रं लागली होती. मला वाटलं संपलं. पण पुढच्या पावसानं तलाव भरला, आणि मग एका जुलैत पाणकणसात मला तांबडा गोळा दिसला. मरळ ओल्या चिखलात बरेच दिवस काढू शकते, ओढ्यातल्या एखाद्या डबक्यातनंही परत येते. कुठून आली ते मला माहीत नाही, पण आली. कटला-रोहू परत आणायला कुणीतरी ट्रकमधून बोटुकली आणावी लागते. मरळ कुणी आणली नव्हती.

आता माझ्या धंद्याची अडचण. जून-जुलैत मला सगळ्यात जास्त फोन येतात. कारण सगळ्यांना कळलंय की पिल्लांवरची मरळ हमखास लागते. यूट्यूबवर बघतात. रबरी बेडूक घोळक्यावरून ओढला की नवशिक्यालाही दहा मिनिटांत तीन किलोचा मासा. दोन वर्षांमागं एक जण म्हणाला, दुप्पट पैसे देतो, फक्त गोळा दाखवा, धरून लगेच सोडतो. मी म्हटलं, सोडलास तरी ती परत यायच्या आत पिल्लं अर्धी झालेली असतात. म्हणाला, तुम्ही नाही नेलंत तर दुसरा नेईल. खरंच दुसऱ्यानं नेलं. फोटो मला पाठवला, मासा हातात, माणूस हसतोय. त्या महिन्यात माझ्याकडं एकही गिऱ्हाईक नव्हतं. घरची म्हणाली, तुमच्या नियमानं तलावातल्या मरळी वाढल्या का? मी म्हटलं, मोजल्या नाहीत. म्हणाली, मग मोजा.

मोजतोय. तीन वर्षं झाली, जुलैत रोज सकाळी तलावाभोवती एक फेरी मारतो आणि गोळे किती दिसतात ते वहीत लिहितो. कधी दोन, कधी पाच, एका वर्षी एकच. त्यातनं काही सिद्ध होत नाही. तीन वर्षांत होणारही नाही. माझ्या गुडघ्यांचं बघता आणखी फार वर्षं ही फेरी मला जमेल असंही नाही. म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे, आणि त्यासाठीच मी पंधरा मिनिटांची पंचवीस केली. आठवीच्या मुलांना जुलै महिन्यात ती फेरी द्या. पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं, सोबत एक मोठं माणूस हवंच, तलावानं आपल्यातलीही पोरं नेलीत हे विसरायचं नाही. गोळे मोजायचे, तारीख टाकायची. वह्यांचा खर्च आमची 1978 ची तुकडी करेल, मी खजिनदाराला विचारलंय, तो नाही म्हणालेला नाही.

आणि आता शेवटचं. उद्या रविवार आहे. ठेकेदाराची परवानगी काढून ठेवली आहे. डिसेंबरात पाणी गार असतं, मरळ उन्हं वर आल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं पहाटे उठायची गरज नाही. साडेनऊला सांडव्यापाशी या. काठ्या सहा आहेत, रॉड दोन. अमेरिकेच्या मित्रानं त्याचा रॉड आणलाय, तो कुणाला हात लावू देईल असं वाटत नाही. टोपी आणा, पाणी आणा. मोबाइल आणलात तरी चालेल, पण वाजला तर काठी काढून घेईन.